युथ क्लबमध्ये साधी मोटर बनवताना: कॉइल फिरत का नाही आणि सेशन कुठे चुकतं

एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि मीटरभर तार, एवढ्यात फिरणारी मोटर बनते. मुलांच्या क्लबसाठी याहून चांगली ॲक्टिव्हिटी मला तरी माहीत नाही, आणि याहून जास्त वेळा फसणारीही नाही. होतं काय की पंधरा-सोळा मुलं बसतात, दोघा-तिघांची कॉइल (तारेचे वेढे घेऊन केलेली रिंग) फिरते, बाकीच्यांची नुसती थरथरते नाहीतर तापते, मग ताई-दादा एकेकाची कॉइल हातात घेऊन स्वतःच दुरुस्त करत सुटतात आणि जिची कॉइल ती मुलगी बाजूला बघत बसते. खालचा क्रम पाळला तर बहुतेकांच्या कॉइल फिरतात, आणि ज्यांच्या फिरत नाहीत त्यांना का फिरत नाही ते स्वतःचं स्वतः शोधता येतं. हे शोधणं मुलांच्या हातून व्हावं म्हणूनच ही ॲक्टिव्हिटी घ्यायची.

साधारण ११ वर्षांपुढची मुलं, दोघांची एक जोडी, पाच-सहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि पूर्ण दीड तास असा हिशोब धरा. पाऊण तासात उरकायला जाऊ नका, नुसतं तार खरवडण्यातच २० मिनिटं जातात.

टप्पा १: साहित्य, आणि ते नेमकं कसलं

अर्ध्याहून जास्त गडबड इथेच होते, कारण यादीत नुसतं "तार, चुंबक, सेल" लिहिलेलं असतं आणि जो आणायला जातो तो मिळेल ते आणतो.

तार: इनॅमलचं कोटिंग असलेली तांब्याची, मोटर वाइंडिंगला वापरतात ती. जाडी २४ ते २६ गेज (एसडब्ल्यूजी, यात आकडा वाढला की तार बारीक), म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. २० गेज घेतलीत तर कॉइल जड होते, ३० च्या पुढे गेलात तर टोकं इतकी मऊ पडतात की कॉइलच्या वजनाने वाकतात. प्लॅस्टिकचं आवरण असलेली घरगुती वायरिंगची तार चालत नाही. दर जोडीला १ मीटरचे दोन तुकडे आधीच कापून ठेवा, एक बिघडला तर दुसरा.

सेल: १.५ व्होल्टचा डी साइजचा, म्हणजे जाडा टॉर्चवाला, साधा, रिचार्जेबल नाही. पेन्सिल सेलवर पण मोटर फिरते पण तो लवकर उतरतो आणि त्यावर सगळं उभं करायला जागा कमी पडते.

चुंबक: २-३ सेंटीमीटर व्यासाची काळी फेराइटची चकती किंवा रिंग. निओडायमियमचे छोटे चमकदार चुंबक जास्त ताकदवान असतात हे खरं, पण क्लबमध्ये मी ते वापरत नाही, कारण खाली सावधानीत आहे.

सेफ्टी पिना: साधारण ५ सेंटीमीटर लांबीच्या, चकचकीत स्टीलच्या. रंगीत पिना नकोत, रंगातून करंट जात नाही.

याशिवाय रुंद रबरबँड, बारीक सँडपेपर (२२० ते ४०० नंबर), क्लेचा गोळा म्हणजे सेल गडगडणार नाही, अडीच सेंटीमीटर व्यासाचा पाइप किंवा जाडा मार्कर कॉइल गुंडाळायला, कात्री, टेप, आणि सगळ्यांत मिळून एक मल्टिमीटर (करंटला वाट आहे की नाही ते तपासायचं मीटर). मल्टिमीटरशिवाय पण जमतं, पण असला तर वाद लवकर मिटतात.

सावधान: या मोटरमध्ये कॉइलचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळजवळ नसतोच, मीटरभर तारेचा एका ओहमच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतो. म्हणजे कॉइल जोडली की सेल जवळपास शॉर्ट होतो, काही अँपिअर करंट वाहतो आणि कॉइल, पिना, सेल तिन्ही तापतात. १.५ व्होल्टच्या साध्या सेलवर हे बोट चटकण्यापुरतं राहतं. मोबाइलची बॅटरी, पॉवर बँक, लिथियमचा कुठलाही सेल किंवा भिंतीच्या प्लगचा ॲडॅप्टर याला कधीही जोडायचा नाही, शॉर्ट झालेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. मुलं घरी जाऊन "अजून जोरात फिरवूया" म्हणून नेमकं हेच करतात, तेव्हा हे तोंडी सांगाच.

सावधान: निओडायमियमचे दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी चिमटून भोक पडू शकतं, लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं. क्लबमध्ये धाकटी भावंडं पण येतात म्हणून ते नकोतच. आणि कुणाला पेसमेकर असेल तर कुठलाही चुंबक त्यांच्या छातीजवळ न्यायचा नाही.

टप्पा २: त्याच साहित्यातून आधी स्वतः बनवा

"मागच्या वर्षी केली होती, माहितीये" हे चालणार नाही. यावेळी आणलेल्या तारेतून, यावेळी आणलेल्या पिनांवर, सेशनच्या दोन दिवस आधी एक मोटर पूर्ण बनवा आणि फिरवून बघा. तारेतारेवर कोटिंग वेगळं असतं, काही चार घासात निघतं, काही इतकं चिवट असतं की सँडपेपर जाडा घ्यावा लागतो. हे मुलांसमोर कळलं तर सेशन तिथेच संपलं.

बनवताना घड्याळ लावा आणि मुलांसाठी त्याच्या तिप्पट वेळ धरा. आणि हो, दोन कॉइल जाणूनबुजून चुकीच्या बनवून ठेवा, एक दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली आणि एक अजिबात न खरवडलेली. या पुढे टप्पा ८ मध्ये लागतात.

चेक: तुमची मोटर हात न लावता १० सेकंद फिरली का? नसेल तर मुलांना बोलवायच्या आधी टप्पा ७ वाचा.

टप्पा ३: टेबल मांडणी

प्रत्येक जोडीचं साहित्य एका ट्रेमध्ये किंवा डब्यात, पण सेल त्यात ठेवायचे नाहीत. सेल तुमच्याकडे. कॉइल तयार झाली, खरवडली, दाखवली की मग सेल मिळणार. हा एकच नियम पाळला तर अर्धवट कॉइल सेलला लावून बोटं भाजणं, सेल आधीच उतरणं, हे दोन्ही टळतं. चुंबक देताना मोजून द्या आणि आकडा लिहून ठेवा.

टप्पा ४: सुरुवात, आणि इथे गप्प राहायचं

तुमची मोटर मिनिटभर फिरवून दाखवा. जवळ येऊन बघू द्या, पण टोकं कशी खरवडलीत ते सांगू नका, आणि चुंबकीय क्षेत्र, बल, फ्लेमिंगचा नियम (बलाची दिशा हाताच्या बोटांवरून ओळखायचा) यातलं काही म्हणजे काही सांगू नका. वीस मिनिटं फळ्यावर आकृत्या काढून मग "चला आता बनवूया" म्हणणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे, मुलं तोवर कंटाळलेली असतात आणि ऐकलेलं हाताशी जुळत नाही. स्पष्टीकरणाची भूक कॉइल अडली की आपोआप लागते, त्यासाठी टप्पा ९ आहे.

एक प्रश्न मात्र विचारून ठेवा: तार कुठेही फिरत्या भागाला बांधलेली नाही, मग करंट आत जातो कुठून? उत्तर घेऊ नका, राहू दे.

टप्पा ५: कॉइल गुंडाळणं

१. तारेचं एक टोक साधारण ६ सेंटीमीटर मोकळं सोडून पाइपवर घट्ट १० वेढे घ्या. दुसरं टोक पण तेवढंच मोकळं.
२. पाइपवरून अलगद सरकवून काढा, रिंग बोटांनी धरून ठेवा नाहीतर सुटते.
३. मोकळी टोकं रिंगभोवती दोन-तीनदा गुंडाळा म्हणजे वेढे बांधले जातील, आणि मग बाहेर काढा. दोन्ही टोकं बरोब्बर समोरासमोर, रिंगच्या मध्यातून जाणाऱ्या एकाच सरळ रेषेत यायला हवीत.
४. टोकं ताणून सरळ करा. तारेला आलेला प्रत्येक बाक नंतर त्रास देतो.

इथे घाई नको. मोटर न फिरण्याचं दुसऱ्या नंबरचं कारण म्हणजे बॅलन्स गेलेली कॉइल, एक बाजू जड म्हणून ती कायम त्याच बाजूने खाली येऊन थांबते.

चेक: दोन्ही हातांच्या तर्जनी थोड्या वाकवून त्यावर कॉइल टोकांनी टेकवा आणि जोडीदाराला हलकीशी टिचकी मारायला सांगा. प्रत्येक वेळी तीच बाजू खाली येत असेल तर टोकं मध्यावर नाहीत, ती थोडी वर-खाली सरकवा. तीन वेळा वेगवेगळ्या जागी थांबली की पुढे.

टप्पा ६: टोकं खरवडणं (सगळं इथे ठरतं)

कोटिंग पारदर्शक, तांब्याच्याच रंगाचं असतं, त्यामुळे तार उघडीच आहे असं वाटतं. ती उघडी नसते. पहिली चूक न खरवडणं, दुसरी चूक दोन्ही टोकं सारखी खरवडणं.

पहिलं टोक: पूर्ण, चहूबाजूंनी. सँडपेपर दुमडून तार मधे धरा, फिरवत फिरवत ओढा. रंग बदलून फिकट गुलाबी झाला पाहिजे.

दुसरं टोक: फक्त अर्धी बाजू. अर्ध्या लांबीपर्यंत असा याचा अर्थ नाही, तारेच्या गोलाईतला अर्धा भाग, पूर्ण लांबीभर. तो कसा काढायचा ते नीट वाचा. कॉइल टेबलाच्या कडेशी उभी धरा, रिंग नाण्यासारखी उभी, टोक टेबलावर आडवं टेकलेलं. आता कॉइल अजिबात न फिरवता टोकाची फक्त वरची बाजू घासा. खालची, टेबलाला टेकलेली बाजू तशीच राहिली पाहिजे. एकाने धरायचं, दुसऱ्याने घासायचं, एकट्याने केलं तर हातात तार फिरते आणि सगळी बाजू निघते.

कॉइल उभीच का? कारण चुंबक खाली ठेवला की वळवणारं बल सगळ्यात जास्त तेव्हा मिळतं जेव्हा कॉइल उभी असते, आणि आडवी असताना शून्य. उभ्या स्थितीत करंट चालू हवा. कॉइल आडवी ठेवून वरची बाजू घासली तर करंट नको तिथे चालू-बंद होतो आणि कॉइल तापते पण फिरत नाही. बऱ्याच जणांची मोटर याच एका गोष्टीमुळे अडते, आणि दिसायला दोन्ही कॉइल सारख्याच दिसतात.

मुलांना हे कारण आत्ता सांगायची गरज नाही, पण पद्धत तुम्ही हाताने करून दाखवा. सगळ्या सेशनमध्ये दाखवून द्यायची हीच एक जागा आहे.

चेक: मल्टिमीटर बझरवर लावा. दोन्ही टोकांना उघड्या बाजूने टेकवला की वाजला पाहिजे, दुसऱ्या टोकाच्या न घासलेल्या बाजूला टेकवला की वाजता कामा नये.

सावधान: लायटरने कोटिंग जाळायचं नाही. धूर वाईट असतो, बोट भाजतं, आणि अर्धीच बाजू जाळता येतच नाही. ब्लेडने खरवडायचं असेल तर ते मोठ्याने करावं, मुलांना सँडपेपर पुरतो.

टप्पा ७: जोडणी आणि पहिली फिरकी

सेल आडवा क्लेवर दाबून बसवा. दोन्ही पिना बंद करा, पिनेचं जाड टोपण सेलच्या टोकाला, बारीक गोल नेढं वर, आणि दोन्हीवरून रबरबँड घट्ट. चुंबक सेलच्या वर बरोब्बर मध्यावर चपटा ठेवा, बहुतेक सेलचं कवच स्टीलचं असतं म्हणून चिकटतो, नाही चिकटला तर टेप. मग टोकं नेढ्यांत सरकवा, जास्तीची तार कापा. कॉइल आणि चुंबकामध्ये साधारण अर्धा सेंटीमीटर जागा हवी.

आता हलकी टिचकी. नाही फिरली तर उलट्या दिशेने टिचकी, कारण ही मोटर एकाच दिशेने फिरते आणि ती दिशा कुठली ते चुंबकाच्या वरच्या ध्रुवावर आणि सेलच्या तोंडावर अवलंबून असतं. पाच-सहा टिचक्यांत नाही फिरली तर थांबा, कॉइल काढून ठेवा. अडकलेल्या कॉइलमधून करंट वाहतच राहतो, सेल तिथेच संपतो.

सावधान: सलग १५ सेकंदांच्या वर चालवू नका, आणि कॉइल पिनांवर तशीच ठेवून कुणी उठून जायचं नाही.

नाही फिरली तर काय, हे एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा, मुलं स्वतः वाचून शोधतील:

कॉइल हलत नाही आणि गार आहे: करंट जातच नाहीये. टोक नीट खरवडलं नाही, पिन सेलला टेकत नाही, नाहीतर अर्ध्या टोकाची बंद बाजू खाली आहे, तेव्हा हाताने अर्धा फेरा वळवून बघा.

कॉइल हलत नाही आणि तापतेय: करंट जातोय, वळत नाहीये. टोक नेढ्यात अडकलं, चुंबक लांब किंवा उभा ठेवलाय, किंवा आडव्या कॉइलवर खरवडलंय. शेवटचं असेल तर दुसरा तुकडा घेऊन नवी कॉइल.

नुसती झुलते, मागे-पुढे होते: दोन्ही टोकं पूर्ण खरवडली गेली. अर्धी बाजू पर्मनंट मार्करने रंगवून दोन मिनिटं वाळवा, शाईचा थर कोटिंगचं काम करतो. थोड्या वेळाने शाई झिजते, पुन्हा लावायची.

फिरते, मग मंद होऊन थांबते: ठिणग्यांनी टोकं काळी पडलीत, सँडपेपरचा एक हलका घास द्या. तरी नाही तर सेल बदला.

उड्या मारते: बॅलन्स. टप्पा ५ च्या चेकवर परत.

इथे तुमचं काम सगळ्यात अवघड आहे, ते म्हणजे हात मागे ठेवणं. कॉइल मुलाच्या हातातून काढून घ्यायची नाही. "गार आहे की गरम?" एवढंच विचारा. या एका प्रश्नाने निम्म्या शक्यता गळतात आणि कागदावर कुठे बघायचं ते त्याला कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हेही इथेच अंगवळणी पडतं, कारण तीन गोष्टी एकदम बदलून कॉइल फिरली तर कशाने फिरली ते कुणालाच सांगता येत नाही.

टप्पा ८: आता खेळू द्या, पण मोजत

फिरायला लागल्यावर पाच मिनिटं काहीही सांगू नका, आनंद होऊ दे. मग एकेका जोडीला एकेक प्रश्न द्या: वेढे ५, ७ आणि १० केले तर काय होतं? चुंबक उलटा केला तर? एकावर एक दोन चुंबक ठेवले तर? रिंग चौकोनी केली तर? आधी अंदाज लिहायचा, मग करून बघायचं.

वेग मोजायला मोबाइलचा स्लो मोशन व्हिडिओ सगळ्यात सोपा. रिंगची एक बाजू मार्करने रंगवा (टेप लावू नका, वजनाने बॅलन्स जातो) आणि सेकंदाला २४० फ्रेमवर शूट करा. एका फेऱ्याला १२ फ्रेम लागल्या तर सेकंदाला २० फेरे, मिनिटाला १२००. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर मोजू नका, त्यात कॉइल कधी थांबल्यासारखी तर कधी उलटी फिरल्यासारखी दिसते.

शेवटी तुमच्या त्या दोन चुकीच्या कॉइल बाहेर काढा आणि "यात चूक काय?" विचारा. बहुतेक मुलं आता बघूनच सांगतात. एक गंमत लक्षात असू द्या, दोन्ही टोकं पूर्ण खरवडलेली कॉइल कधीमधी फिरते सुद्धा, कारण ती नेढ्यात उसळते आणि काँटॅक्ट आपोआप तुटतो. असं झालं तर घाबरून झाकू नका, मुलांनाच विचारा की हे कसं झालं.

टप्पा ९: आता समजावा, दहाच मिनिटं

टप्पा ४ मधला प्रश्न परत काढा. करंट नेढ्यातून टोकात आणि तिथून कॉइलमध्ये जातो हे मुलांनी पाहिलेलं असतं. मग: करंट वाहणारी तार चुंबकाजवळ आली की तिच्यावर बल येतं, रिंगच्या वरच्या आणि खालच्या बाजूला करंट उलटसुलट दिशेने जातो म्हणून बलही उलट, त्यामुळे रिंग वळते. अर्धा फेरा झाला की तेच बल तिला मागे ओढायला लागतं, पण तेवढ्यात कोटिंगची बाजू पिनेवर येते, करंट बंद होतो, आणि कॉइल आपल्या वेगाने उरलेला अर्धा फेरा पुरा करते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम मोठ्या मुलांना इथे दाखवा, हातात कॉइल धरून, फळ्यावर नाही.

टप्पा १०: आवरणं

आधी सेल परत घ्या, मग बाकीचं. सेलच्या टोकाला टेपचा तुकडा लावून ठेवा, पिनांच्या डब्यात सुटा सेल टाकला की तिथेच शॉर्ट होतो. चुंबक मोजा आणि लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा, जुळल्याशिवाय कुणाला सोडू नका. तारेचे बारीक तुकडे पायात घुसतात म्हणून फरशी झाडून घ्या, आणि तांब्याची भुकटी बोटांना लागलेली असते म्हणून काही खाण्याआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे.

कॉइल मुलांना घरी नेऊ द्या, सेल आणि चुंबक मात्र पालकांच्याच हातात द्या आणि लिथियम बॅटरीचं पुन्हा एकदा त्यांच्यादेखत सांगा. ज्या जोडीची मोटर आज फिरलीच नाही तिची कॉइल नावाची चिठ्ठी लावून तुमच्याकडे ठेवा, आणि पुढच्या वेळी बाकी काही सुरू करण्याआधी त्यांना पहिली १५ मिनिटं द्या.